डोहाकाठची वाळू

"नदीची वाळू रोज झाडतील, घरातला केर मात्र आमच्या नशिबी." चादर झटकता झटकता जाऊबाई पुटपुटल्या. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ते बोलणं उशीसाठी होतं.

रोख थोरल्या भाऊजींवर होता. बंधाऱ्याच्या वरच्या डोहात पाणमांजरं आहेत हे त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. तेव्हापासून संध्याकाळी काठावरची वाळू झाडूने सपाट करायची आणि सकाळी तिच्यावर उमटलेली पावलं बघायची, हा त्यांचा नेम. पाणमांजरांसाठी माणसं लांबून येतात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आमच्या तीन खोल्या भरतात. शिवाय ती आहेत तोवर वरच्या डोहात होडी घालायची नाही, असा गावाचा ठराव. खाली बंधाऱ्याशी पर्यटकांना फिरवायच्या सहा होड्या रंगवून तयार आहेत.

जंगलात जे दिसेल ते जेवणाच्या खोलीतल्या वहीत मांडायचं. साळिंदर, खंड्या, साप, सगळ्यांना आपापला रकाना. पाणमांजराच्या रकान्यात रोज खूण होती. सकाळची फेरी भाऊजींची, दुपारची दुसऱ्या वाटाड्याची. तो गळ्यात चष्मा अडकवून फिरतो म्हणून त्याला प्रोफेसर म्हणतात. आणि मी फोनवर पाहुण्यांना सांगायची, कालच दिसली म्हणे. 'म्हणे' हा शब्द फार सोयीचा; त्याच्यामागे अख्खं घर लपतं.

त्या दिवशी प्राण्यांच्या वर्षाच्या मोजणीसाठी वनखात्याच्या मॅडम आल्या. त्यांनी वही चाळली आणि साधंच विचारलं, पाणमांजर शेवटचं कोणी पाहिलं?

प्रोफेसर म्हणाला, भाऊजींना पावलं दिसतात, त्यावरून मी खूण करतो. भाऊजी त्याच्याकडे बघतच राहिले. वाळू कोरी असली तरी दुपारी याला दिसत असतील, असं धरून ते खूण करत होते. एकमेकांना विचारावं, तर तो अविश्वास झाला असता. इतकी वर्षं बरोबर चालणाऱ्या माणसांनी असलं काही विचारायचं नसतं.

मग सगळ्यांनाच एकदम बोलायला सुचलं. प्रोफेसर म्हणाला, यंदा पाणी गढूळ होतं. जाऊबाईंनी मॅडमना चहा विचारला, मॅडमसमोरचा कप अजून भरलेला असताना. मी म्हटलं, लाजरं जनावर ते, माणसांच्या गर्दीने वर सरकलं असेल. खोटं नव्हतं, पण माहीतही नव्हतं.

मॅडमनी पेन आपल्या तक्त्यातल्या पाणमांजराच्या रकान्यावर टेकवलं आणि त्या थांबल्या. खिडकीतून खालच्या होड्या दिसत होत्या. भाऊजींनी त्या पाहिल्या. आमची वही हळूच मिटली.

"शून्य लिहा, मॅडम," ते म्हणाले. "पाऊल दिसून वर्ष होऊन गेलं. आमच्या डोहात आता पाणमांजर नाही."