न घेतलेला चहा

धम्मप्रिया नावाची ती बाई जूनमध्ये शिरसवाडीत आली आणि दिवाळीपर्यंत माझी पोरं तिची झाली.

मी लातूरचा. रसायनशास्त्राचे माझे क्लास आहेत. बारावीची पोरं पार देगलूरहून येऊन खोल्या करून राहतात आणि माझ्या बॅचला जागा मिळावी म्हणून त्यांचे वडील ओळखी काढतात. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच; पण सांगायचं असं की मला कशाची कमी नाही. तरीही निलंग्याच्या पलीकडच्या एवढ्याशा गावातली पोरं प्राथमिक शाळेच्या एका शिक्षिकेच्या मागे पळतात, म्हणून माझा जीव जळतो.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या स्वयंसेवकांबरोबर शिरसवाडीत गेलो. ढिगारे उपसले, धान्याची पोती वाहिली, आणि पुढं पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना गोळा करून शिकवायला बसलो. बाकीचे स्वयंसेवक हळूहळू पांगले. मी मात्र दर रविवारी पोरांना विज्ञान शिकवायला जात राहिलो. आमच्या तुकडीचा एक नियम होता: ह्या लोकांचं सगळं गेलंय, ह्यांच्याकडचा घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. आपलं पाणी, आपला डबा आपण न्यायचा. नवीन जागी गाव वसलं, सिमेंटची घरं झाली, समाजमंदिर झालं, तरी तो नियम मी एकदाही मोडलेला नाही. वर्ग संपला की समाजमंदिराच्या पायरीवर बसून मी मुग्धानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दिलेली पोळीभाजी खातो आणि गाडीला किक मारतो.

आणि ही बाई? मूळची मुदखेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून गावातच खोली करून राहिली आणि रोज संध्याकाळी समाजमंदिरात पोरांचा फुकट अभ्यास घ्यायला लागली. त्याबद्दल गावानं तिच्या जेवणाची पाळी लावली. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. बाई बिनदिक्कत जेवते! एका रविवारी मी जरा लवकर पोहोचलो, तर ही सरजाबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसलेली, भोवती पोरांचा घोळका, आणि तोंडात घास असतानाच म्हणते कशी, "सरजामाय, ठेचा लई तिखट झाला. जावयावरचा राग काढून राहिलात का?" सरजाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर हसलेली मला आठवत नव्हती. मला बघताच सगळे उठून उभे राहिले. "नमस्ते सर," पोरं एका सुरात म्हणाली आणि ओटा चिडीचूप झाला.

ह्या शांततेला मी आदर समजत होतो. आता तीच मला टोचायला लागली.

एकदा मुद्दाम आडवारी गेलो आणि तिचा वर्ग चालू असताना खिडकीपाशी थांबलो. आत नुसता गोंगाट. एक पोरगी फळ्याकडं बोट दाखवून ओरडली, "ताई, चुकलं तुमचं!" बाईनं जीभ चावली, फळा पुसला आणि म्हणाली, "मग तूच ये की इकडं." माझ्या वर्गात माझी चूक आजवर कुणी काढली नाही. माझ्या चुका होतच नाहीत, असं मी घरी येऊन मुग्धाला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला चांगलं ठाऊक आहे.

मग मीही हट्टाला पेटलो. लातूरहून रंगीत तक्ते नेले, छापील नोट्स नेल्या. दसऱ्याला बालुशाहीचा पुडा नेला. पोरांनी रांग लावली, दोन्ही हातांनी बालुशाही घेतली, "थँक्यू सर" म्हणाली. आणि त्यातली अर्धी पोरं न खाताच पळाली. कुठं पळाली म्हणून बघितलं, तर ताईला अर्धी द्यायला. माझी बालुशाही! त्या दिवशी परतताना मी औसा येईपर्यंत स्वतःशीच भांडत होतो.

दिवाळीनंतर सरपंच चंद्रप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, रविवारचा वर्ग बी ताईकडंच द्यावा म्हणून राहिले लोकं. तुमची दगदग तरी वाचंल."

रविवार माझा होता. क्लासमधली पोरं वर्षभरात डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघून जातात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. मी कुणाला तरी खरोखर लागतो, असं मला आठवड्यातून एकदाच वाटायचं, ते ह्या गावात. तेच काढून घ्यायला निघाले होते. मी म्हणालो, "बैठक बोलवा. लोकांनी माझ्या तोंडावर सांगू द्या."

पुढच्या रविवारी समाजमंदिर भरलं. खाली सतरंजीवर माणसं, माझ्यासाठी मात्र खुर्ची. धम्मप्रिया बायकांमध्ये बसली होती, कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन. ते बघून माझा तोल सुटला. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं. ढिगारे, पोती, शेड, उन्हाळे, पावसाळे. आणि सगळ्यात शेवटी, छातीवर हात ठेवून, माझी सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली.

"इतकी वर्षं येतोय मी. तुमच्या गावचा कपभर चहा तरी कधी घेतला का? सांगा!"

मला वाटलं, जिंकलो. मग सरजाबाई उठली.

"न्हाई घेतला सर," ती म्हणाली. "त्येच तर दुखतंय."

"म्हणजे?"

"भुईकंपाच्या साली आमच्या चुलीत राखबी नव्हती. तवा तुम्ही पानी बी आपलं आनलं, आमी म्हनलं, देवमानूस. मग घर झालं. घरभरनीला तुमाला बोलवाया मी सोता आले. तुम्ही म्हनलात, नको, तुमाला तरास. तुरी आल्या, शेंगा उकडून आनल्या. नको, तरास. आमच्या बौद्धवाड्यात काही लोकं म्हनाले, सरांना आपल्या हातचं चालत नसंल."

"सरजाबाई!" मी खुर्चीतून उठलोच. "जातपात मी कधी पाळली नाही."

"मला ठावं हाय. मीच भांडले त्यांच्याशी. म्हनलं, सर पाटलाच्या घरचं बी खात न्हाईत. समद्यांना सारखंच समजत्यात." ती थांबली. "सारखंच, पर खालचं. आमी घरं बांधली, लेकी उजवल्या, आन् तुमच्या लेखी आमी अजून पत्र्याच्या शेडातच राहून राहिलो."

मी परत खाली बसलो. एवढं ऐकूनही माझी नजर आधी गेली ती धम्मप्रियाकडं. ती खुशीत असणार, ह्याची मला खात्री होती.

ती वैतागली होती. "सर, मी कधीची सांगून राहिले ह्यांना, मला रविवार नको," ती म्हणाली. "माझी आई मुदखेडला एकटी हाय. आठवडाभर इथं खपते, एक दिवस तरी मला घरी जाऊ द्या की. आन् विज्ञान मोठ्या पोरांना मी कुठून शिकवू? तेवढं काही मला येत न्हाई."

ज्याच्यासाठी मी इतके महिने जळत होतो, ते तिला नकोच होतं. खरं सांगतो, त्यानं माझी जळजळ कमी झाली नाही, उलट वाढली. मागावं लागू नये इतकं तिच्याकडं आधीच होतं.

चंद्रप्पांनी घसा खाकरला. "मग रविवार सरांचाच. पर सर, फुकटचं शिकवनं गावाला आता नगं. पाळी लागंल. कबूल?"

मी मान हलवली.

"आजची कुनाची?"

"आमची," सरजाबाई म्हणाली.

तिच्या घरी मी पहिल्यांदाच पाय ठेवला. तिचा नवरा ज्ञानोबा पाटावर बसला होता. माझ्यासाठीही तसाच पाट. ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कांदा. मी घास घेतला. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कसं झालंय?" सरजाबाईनं विचारलं.

"फार छान," मी म्हणालो. ही सवय जुनी. तिनं मान खाली घातली. मी आणखी एक घास घेतला आणि हळूच म्हणालो, "मीठ जरा कमी आहे."

सरजाबाईनं वर पाहिलं. डोळ्यांत हसू आलं होतं.

"मग उठा की. फळीवर डबी हाय. ताई आपल्या हातानं घेती."

ताईचं नाव निघालं तसा मी आतून पुन्हा थोडा जळलो. पण उठलो. फळीवरच्या पाच-सहा डब्या उघडून बघितल्या, तेव्हा मिठाची सापडली. आधी स्वतःच्या वरणात घातलं आणि चिमूटभर ज्ञानोबाच्या हातावर ठेवायला गेलो. त्यानं झटकन हात मागं घेतला.

"हातावर नगं सर, ताटात वाढा," तो म्हणाला. "हातावर मीठ दिलं की भांडनं व्हत्यात. आपली झाली तेवढी बास झाली."