तळ्यावर राहिलेला कप

मी थर्मास बोलतोय, आणि जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोललो तर माझी काच फुटो!

आता काच आधीच फुटलेली आहे ही गोष्ट वेगळी. मला हलवून बघा, पोटात चुरा खुळखुळतो. म्हणजे शपथेला तसा फारसा अर्थ नाही. तरी ऐका. या वयात तोंड मिटून बसवत नाही, आणि फळीवर माझ्या शेजारी आहे एक बिघडलेला टोस्टर. त्याच्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं.

मी परदेशात आलो तो माझ्या मालकीणबाईच्या बॅगेतून, तिच्या ठेवणीतल्या शालीत गुंडाळलेला. तिच्या आईने दिला होता. निघताना माउली म्हणाली, "तिकडचा चहा म्हणजे गरम पाण्याला लावलेला रंग. हा असू दे. आणि कुणाचं भांडं घरी आलं तर रिकामं परत करू नकोस बाई. चिमूटभर साखर घाल, पण रिकामं नको."

मुलगी सातासमुद्रापार निघालीय आणि आईला भांड्यांची पडलीय! पण आया अशाच. मोठं बोलायला गेल्या की रडू येतं, म्हणून लहानसहान बोलतात.

इथे दोघंच. नवरा इमारतींच्या लिफ्ट तपासायचा; आठवडाभर वर-खाली. बाई चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची. नखाएवढ्या पातळ काचा दिवसभर बोटांवर झेलायची, पण एकही कधी तिच्या हातून पडली नाही. दुकानाचा मालक म्हणे नव्या पोरींना सांगायचा, हिचे हात बघा.

शनिवार मात्र दोघांचा. सकाळी माझ्यात आल्याचा चहा, पिशवीत डबा, की निघालीच स्वारी. किल्ले, किनारे, कुणा विसरलेल्या राजाचा बंगला, काय वाटेल ते. रस्ता दाखवायचं काम नवऱ्याचं आणि तो हमखास चुकायचा. त्यामुळे बायकोने त्याचं नाव ठेवलं होतं होकायंत्र.

"होकायंत्र, हाच ओढा मघाशी पण लागला होता."

"हा दुसरा ओढा आहे."

"आणि ती म्हैस?"

"ती गाय आहे. आणि ती आपला पाठलाग करतेय."

असं चालायचं. मी मागच्या सीटवर आडवा पडून हसायचो. थर्मास हसला की बुचातून बारीक शिट्टी येते. तुम्हाला वाटतं, वाफ आहे.

मग हिवाळ्यात तिची आई गेली. इथे बर्फाने विमानं अडकलेली. बाई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती परत आली ती निम्मीच. चहा करायची, गाडीत बसायची, पण नवरा चुकला तरी बोलायची नाही. तो बिचारा मुद्दाम चुकायला लागला. तरी नाही.

अशाच एका चुकीने आम्ही त्या तळ्यावर पोचलो.

डांबरी रस्ता संपला, खडी संपली आणि पुढे पाणी. वारा होता, पण पाण्यावर तरंग नव्हता. काठाला एक बाक, बाकावर एक म्हातारी, अंगात जाड कोट. भिजलेला. पाऊस कित्येक दिवसांत नव्हता.

बाईने माझं बूच काढलं, पोटात उजेड आला. तिने दोघांचे कप भरले आणि एकदम थांबली. माझ्या झाकणाचा मोठा कप घेऊन म्हातारीपुढे गेली. "घ्या ना, थोडा चहा."

"अगं, त्यांना मराठी कुठून कळणार?" नवरा म्हणाला.

"आग्रहाला भाषा कशाला लागते?"

म्हातारीने मान हलवली. बाईने पुन्हा कप पुढे केला, म्हातारीने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र हात पुढे आला. अगदी आपल्यासारखं! मला बरं वाटलं. मग ती बोटं दिसली आणि बरं वाटेनासं झालं. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं पडतात ना, तशी सुरकुतलेली, पांढरी.

निघताना बाईने मलाच बाकावर ठेवलं. "थंडीने कुडकुडतायत बिचाऱ्या. पुढच्या शनिवारी नेऊ की."

तो आठवडा मी कुठे होतो? पाण्याखालचं स्वयंपाकघर पाहिलं, असं सांगायचा मोह होतोय. पण तिथे मिट्ट काळोख होता, मला काही दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. डोक्यावरून जाणारं पाणी, आणि कुणीतरी हळूहळू, न थांबता, चमच्याने काहीतरी ढवळत होतं.

पुढच्या शनिवारी मी बाकावर होतो. एकटाच. बाईने उचललं तर जड लागलो.

"भरून ठेवलाय," ती पुटपुटली. "रिकामा नाही दिला."

"फेकून दे ते. काय असेल कुणास ठाऊक."

पण तिने ओतलं. वाफ आली. एक घोट घेतला आणि तिचे डोळे भरले. "आईच्या हातचा आहे."

नवऱ्याने तिच्या कपातून चव घेतली, तोंड वाकडं केलं. "अगं, हे नुसतं गार पाणी आहे."

"तुझी जीभच तसली."

मला विचाराल तर मी गरम-गार यातच जन्म काढलाय. माझ्या पोटात जे होतं ते बर्फासारखं गार होतं. तरी त्यातून वाफ येत होती. आणि तळाशी चिमूटभर काळा गाळ होता.

झालं! आता तिची पाळी. भांडं रिकामं कसं ठेवायचं? ती घरून बाटलीत चहा आणायची, माझ्यात ओतायची आणि मला तिथेच सोडायची. पुढल्या शनिवारी मी तिकडून भरलेला. किल्ले संपले, किनारे संपले. दर शनिवारी तळं. आणि दर शनिवारी माझ्या तळाशी गाळ थोडा जास्त.

नवरा एकदा म्हणाला, "तुझी उशी सकाळी ओली असते."

"घाम असेल."

"या थंडीत?"

ती पाण्याकडे बघत होती, कुणी हाक मारल्यावर बघतात तशी.

शेवटच्या शनिवारी म्हातारी बाकावर होती. माझा मोठा कप तिच्या मांडीवर. आम्हाला बघून ती हळूच सरकली, शेजारची फळी कोटाच्या बाहीने पुसली आणि हाताने थोपटली. बस, म्हणाली. म्हणजे तोंडाने नाही.

बाईने मला उचललं. माझ्यात चहासाठी जागाच उरली नव्हती, गळ्यापर्यंत चिखल. तिला मात्र त्यातूनही आल्याचाच वास येत होता. ती नवऱ्याला म्हणाली, "तू गाडी वळवून घे. मी बसते जरा."

तो हलला नाही. घाबरला होता. लिफ्टच्या दोरावर लोंबकळणारा माणूस, पण त्याचा आवाज पार चिरकला. "मला आईंसारखा चहा जमत नाही. माझा अगदी पाणचट होतो, मला ठाऊक आहे. दूध उतू जातं, गाळायचं विसरतो. पण तो मी केलेला असतो गं. घरी चल. रस्ता तू दाखव."

म्हातारी फळी थोपटत राहिली. बाई एक पाऊल बाकाकडे गेली.

आणि तेव्हा मी उडी मारली. सरळ तिच्या हातातून खाली, काठच्या दगडावर. खण्ण! माझी काच फुटली, पोटातलं सगळं बाहेर सांडलं. काळं, गार, शेवाळाच्या वासाचं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा मोठ्याने रडली, आईसाठी, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. त्याने एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने मला उचललं आणि मागे न बघता गाडी काढली.

आता मी फळीवर असतो. त्याचा पाणचट चहा ती पिते, नावं ठेवत पिते. शनिवारी दुसऱ्या दिशेला जातात. तो चुकतो, ती ओरडते. सगळं पूर्वीसारखं.

फक्त घाईत माझा मोठा कप म्हातारीच्या मांडीवर राहिला. आणि ती रीतीभातीची पक्की आहे, भांडं ठेवून घेणारी नाही, रिकामं परत करणारी तर नाहीच. म्हणून तुमच्या पाया पडतो, या घरी कधी आलात आणि दारात पायपुसण्यावर एखादा कप दिसला, वर वाफ बिफ असलेला, तर आत आणू नका. बाईला सांगूही नका. मातीत ओतून द्या.

बरं, शपथ घेतलीच आहे तर एक कबूल करतो. उडीचं मी रचलं. थर्मास कुठे उड्या मारतात? तिनेच सोडलं मला. माझ्याकडे बघत, एकेक बोट उचलत. जिच्या हातून कधी काच पडली नाही, तिने.

तेवढंच रचलेलं. कपाचं मात्र खरं आहे.