मेळ जिथे थांबत नव्हता

शाळा सुटायच्या आधीच गौरवी फाटकापाशी येऊन उभी राहायची. सेजल बाहेर आली की बुटाची नाडी सुटली आहे का, हातावर नवा ओरखडा आहे का, अंगात कणकण तर नाही ना, हे सगळं ती एका नजरेत पाहून घ्यायची. "पहिलीतलें भुरगें तें, ताका कितें जातलें गो?" असं तिचा नवरा परेश हसून म्हणे. पण गौरवीला खाणीवरच्या टिपर ट्रकची भीती वाटायची, कुत्र्यांची वाटायची, कठडा नसलेल्या विहिरीची वाटायची. मुलीला खरा धोका घरातूनच आहे, हे तिला त्या दुपारी कळलं.

वडखोल हा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला लहानसा गाव. शिगमा, म्हणजे इकडची होळी, तोंडावर आला होता. देवळासमोरच्या मांडावर ढोल उन्हात तापत ठेवले होते आणि पोरं उगाचच "ओस्सय, ओस्सय" ओरडत घरी चालली होती. रस्त्याच्या वळणावर रुक्मिणी काकीचं घर. तिथे पोहोचताच सेजलने गाल फुगवले, दोन बोटांनी नाक दाबून धरलं आणि धूम ठोकली. पुढच्या फणसाच्या सावलीत जाऊन तिने मोठ्याने श्वास सोडला.

"हें कितें गो करता तूं?" गौरवीने तिला गाठून विचारलं.

"काकीच्या घराकडे श्वास घेवंक जायना, मम्मी. घेतलो काय आमकांय पाप लागता."

"कोणें सांगलें तुका?"

"पपान. आनी शाळेंत सगळींच करतात. भाग्यलक्ष्मी आसली तरी करतात."

गौरवीने मागे वळून पाहिलं. थोड्या अंतरावरून रुक्मिणी काकी येत होती. पंचाहत्तरीची, काठीसारखी सरळ. नातीचं दप्तर तिच्या खांद्यावर होतं. पुढे गावातलं कोणी चालत असलं की ती पावलं मंद करायची. आपली सावली कोणाला नको, हे तिला फार वर्षांपूर्वी कळलेलं होतं. तिने सगळं पाहिलं होतं. नात भाग्यलक्ष्मी मात्र हात सोडवून पुढे धावली.

"सेजल, आमगेरूय मेळ येतलो हां! टिचरन सांगलां, मेळ सगळ्या घरांनी वता. हांव रांगोळी घालतलें, व्हड!"

सेजलने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई काय बोलते यावर तिचं बोलणं ठरणार होतं. गौरवी तिच्या दप्तराचा पट्टा सरळ करू लागली.

"चल गो बाय," रुक्मिणी काकी शांतपणे म्हणाली आणि नातीला घेऊन फाटकात शिरली.

शिगम्याचा मेळ, म्हणजे ढोल-ताशा घेऊन नाचणारा जथा, वडखोलात घरोघर जातो. ढोल वाजतात, अंगणात नाच होतो, घरची बाई आरती घेऊन मेळाला ओवाळते, आणि मग मेळ पुढच्या घरी. रुक्मिणी काकीच्या दारावरून जाताना मात्र ढोल बंद होतात. सगळे खाली माना घालून, काठ्या काखेत धरून ते दार ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वाजवू लागतात. त्या घरच्या लग्नाला गावातलं कोणी जात नाही. काकीचा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला तिच्या माहेरची माणसं सावंतवाडीकडून येईपर्यंत मढं ताटकळलं होतं. तसं पाहिलं तर कोणी त्यांना अडवत नाही. दुकानात सामान मिळतं, शाळेत नाव घालता येतं, मत देता येतं. तक्रार करायला गेलं तर कागदावर काय लिहायचं, असा प्रश्न पडावा.

कारण विचारलं तर पोरंसुद्धा सांगतील. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात, सालाझारच्या पोलिसांनी गोवा मुठीत ठेवला होता तेव्हा, गावातले रघुनाथ मास्तर देवळाच्या माळ्यावर स्वातंत्र्याची पत्रकं लपवून ठेवत. एका पहाटे पोलिसांनी नेमका तोच माळा उघडला. मास्तरांना इतकं मारलं की सुटून आल्यावर ते वर्षभरही जगले नाहीत. त्या वेळी पोलीस चौकीवर रोज दूध घालायला कोण जायचा? सगुण. रुक्मिणी काकीचा सासरा. मग फितूर दुसरा कोण असणार? गोवा मुक्त झाला आणि गावाने मांडावर बसून सगुणाचं घर तोडलं. तोडलं म्हणजे भिंती नाहीत, संबंध. रुक्मिणी सून म्हणून आली ती त्यानंतर. लग्न ठरवताना तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या शिगम्याला ती नवी आरती घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कळलं.

आणि जो मांडावर उभा राहून सगुणाचं नाव पहिल्यांदा बोलला, तो बाबाजी. पाखल्यांनी नेमलेला गावचा रेजिदोर, म्हणजे सरकारी कारभारी. मुक्तीनंतर तोच पंच झाला. पंचायतीच्या सभागृहाला आज त्याचं नाव आहे. परेशचा तो आजोबा.

खरं काय ते गौरवीला दिवाळीत कळलं होतं. सासरे, श्रीनाथ, तेव्हा छातीच्या दुखण्यातून उठले होते. गोळी देताना त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "माळ्याची खबर पोलिसांक म्हज्या बापायनच दिली गो. मरताना माका सांगलें ताणें. हांवें कोणाक सांगूंक ना. परेशाकूय ना." त्यांना सांगून हलकं वाटलं असावं, त्या रात्रीपासून त्यांना झोप लागू लागली. गौरवीची गेली. तिने सेजलचा विचार केला. शाळेत मुलीला कोणी बोललं तर? पुढे लग्नाच्या वेळी? मुलीसाठी म्हणून ती गप्प बसली. आणि तीच मुलगी आज नाक दाबून पळत होती.

त्या संध्याकाळी परेश चहात पाव बुडवून खात असताना तिने विचारलं, "तुवें सेजलाक नाक धरपाक शिकयलें?"

"अगो खेळ तो! आमीं ल्हान आसतना करताले. म्हजी आजीच शिकयताली."

"तुज्या आजीक खबर आशिल्ली, कोणें कितें केल्लें तें?"

परेशला काही कळलं नाही. पण खिडकीपाशी बसलेल्या श्रीनाथांची मान खाली गेली.

"बाबा, तुमी सांगतात काय हांव सांगूं?"

"मेल्ल्या मनशाचें नांव कित्याक काडपाचें गो आतां?" सासरे पुटपुटले.

"सगुणूय मेला न्हय? ताचें नांव बरें काडटात सगळे. दर शिगम्याक काडटात."

मग श्रीनाथांना सांगावंच लागलं. परेश ऐकत राहिला. पाव चहात विरघळून गेला. तो म्हणाला ते एवढंच: "हें भायर पडलें जाल्यार सभागृहावयलें नांव पुसून काडटले. आमकां तोंड दाखोवंक जागो उरचो ना." आणि मग, हळू आवाजात, "सेजलाक कितें म्हणटले, गो?"

"भाग्यलक्ष्मीक म्हणटात तेंच," गौरवी म्हणाली.

सासरे उठून आत गेले. कोणी जेवलं नाही.

माणूस पोलिसांच्या धाकाने एखादं नाव सांगून बसतो, हे एक वेळ समजून घेता येईल. अंधाऱ्या खोलीत, पट्ट्याचा आवाज ऐकत बसलेल्या माणसाचा न्याय आपण सुरक्षित घरात बसून करू नये. पण धाक संपल्यावर, झेंडा बदलल्यावर, मोकळ्या हवेत उभं राहून बाबाजीने दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवलं. त्याला काय म्हणायचं? आणि ते बोट अजून खाली का आलं नाही, याचं उत्तर कोणी द्यायचं?

मेळाच्या दिवशी गौरवी दूध आणायला गेली तेव्हा काकीच्या अंगणात भाग्यलक्ष्मी उकिडवी बसून रांगोळी घालत होती. ढोल काढला होता, वाकडा, आणि त्याच्याभोवती पिवळी फुलं. काकी पायरीवर बसून पाहत होती. तिने नातीला थांबवलं नव्हतं. काय सांगून थांबवणार?

वडखोलात मेळाचा पहिला मान बाबाजीच्या घराचा. त्या घरच्या सुनेने ओवाळल्याशिवाय मेळ पुढे हलत नाही. पूर्वी एकदा त्या घरात सुतक होतं तर शिगमा मांडावरच राहिला होता. ऊन उतरल्यावर मेळ अंगणात आला. धूळ उडाली, गुलाल उडाला. ढोल घुमले, ताशा कडकडला. नाच झाला आणि म्होरक्या बाबलीने घाम पुसत हाक दिली, "व्हयनी, आरती हाड गो! आज फोटोखातीर मेकप चल्ला काय कितें?"

हशा झाला. गौरवी बाहेर आली. हात रिकामे होते.

"आरती मेळची ना, बाबलीदादा. आदीं मेळ रुक्मिणी काकीगेर व्हरात. मागीर हांव ओवाळटलें."

हसणं एकदम थांबलं. कुणीतरी मागून म्हणालं, "शिकिल्ली सून हाडली काय हेंच!" दुसरा म्हणाला, "परेशा, घरची बायल आवर रे." परेशने खाली पाहिलं, पण तो आत गेला नाही आणि त्याने तिलाही आत नेलं नाही. सेजल आईचा पदर धरून उभी होती. पोरीसमोर आपल्याला कोणी काही घाणेरडं बोललं तर, ही भीती गौरवीला अजूनही वाटत होती.

बाबलीने श्रीनाथांकडे पाहिलं. "श्रीनाथबाब, तुमी सांगात. तुमच्या घरचो मान."

श्रीनाथ सोप्यावरून उठले. पायांत चपलाही न घालता अंगण ओलांडून वळणाच्या दिशेने चालू लागले. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग एक एक करून त्यांच्या मागून निघाली. रस्त्यात कोणी तरी ढोलावर काठी टाकली, दुसऱ्याने साथ दिली. बाबलीचा चेहरा खुलला. न बोलता प्रश्न सुटतो आहे, असं त्याला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं. नाचू, ओवाळून घेऊ, घरी जाऊ. झालं गेलं आपोआप मिटेल.

रांगोळीच्या अलीकडे मेळ उभा राहिला. भाग्यलक्ष्मी आरती सांभाळत पायरी उतरू लागली. तिच्या मागून काकी आली आणि तिने नातीचा खांदा धरला.

"थांब बाय. थांबवा रे ते ढोल."

ढोल थांबले.

"कित्याक इलात?"

बाबली पुढे झाला. "मेळ हाडला, मावशे. जुनें सगळें सोडून दिवया. सणाचो दीस."

"जुना म्हणजे काय?"

"तें... जालें तें जालें न्हय."

"काय झाला? सांग मां. माझ्या सासऱ्यान काय केल्यान तां सांग. माझ्या घोवाक चार खांदे कित्याक गावले नाय, तां सांग. माफी करुक इलात काय तुमी आमका? आमी काय केला होता?"

गावाला जे आपोआप मिटायला हवं होतं ते मिटत नव्हतं. मग श्रीनाथ पुढे आले. त्यांचा आवाज फाटका निघाला, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"सगुणान कांय करूंक ना. रघुनाथ मास्तराची खबर म्हज्या बापायन दिली. बाबाजीन. आनी नांव सगुणाचें घेतलें तेंय ताणेंच."

गौरवीने श्वास रोखला. आता ओरडा होईल, कोणी अंगावर धावून येईल, कोणी खोटं म्हणेल, असं तिला वाटलं. तिने सेजलला जवळ ओढलं.

काहीच झालं नाही. पोरं तेवढी चकित होऊन बघत होती. म्हातारे ढोलाच्या दोऱ्या चाचपत होते, गुलाल झटकत होते. एकानेही "खरंच?" असं विचारलं नाही.

रुक्मिणी काकीच्या ते ध्यानात आलं. ती पायरी उतरून बाबलीसमोर उभी राहिली.

"तुका म्हायत होता?"

बाबलीने मान वळवली. "बापूय म्हणटालो केन्ना केन्ना. घरांत."

"आणि तुका रे?" तिने ताशावाल्याला विचारलं. त्याने ताशा पोटाशी ओढला. ती एकेकाच्या समोर जात राहिली. कोणाला आज्याने सांगितलं होतं, कोणाला आईने. कोणी नुसतंच ऐकून होतं. सगळ्यांनी ते आपापल्या घरात जपून ठेवलं होतं, आणि बाहेर पडताना दर वर्षी काठी काखेत धरली होती.

शेवटी ती गौरवीपुढे आली. गौरवीला वाटलं, ही आता आपल्या खांद्यावर हात ठेवील.

"तुका कधी कळला गो?"

"दिवाळीक," गौरवी म्हणाली. तिला वर बघवेना.

"दिवाळीक." काकी म्हणाली. "म्हणजे तुकासुद्धा शिगमो येयपर्यंत थांबाचा लागला."

त्यात राग नव्हता. राग असता तर गौरवीला तो सोसता आला असता.

काकी वळली, पायरी चढली आणि नातीच्या हातातली आरती सरळ केली. "आता वाजवा," ती मेळाला म्हणाली. "पोर सकाळपासून वाट बघता."

भाग्यलक्ष्मी हसऱ्या तोंडाने एकेका ढोलाकडे बघू लागली. तापलेली कातडी तयार होती, काठ्या हातांत होत्या. पण पहिली काठी कोणी उचलायची, ते वडखोलातल्या एकाही माणसाला ठरवता येईना.