तीनशे साठ

चांगुणामावशींनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि शेवटी संजनाकडे परत दिला.

"मुंग्या हायत नुसत्या."

हरसूलच्या बचत गटाच्या खोलीत अकरा बायका बसल्या होत्या. त्यांच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांची वेबसाइट संजनाने नाशिकला महिनाभर खपून केली होती. स्वतंत्रपणे घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. उद्या प्रदर्शनात गिऱ्हाइकं हीच साइट फोनवर उघडणार होती. लॅपटॉपवर ती झकास दिसत होती. फोनवर मात्र अख्खं पान आक्रसलं होतं.

"फोनला आडवे एक हजार ऐंशी पिक्सेल, म्हणजे ठिपके आहेत, मावशी. मी पान तेवढंच रुंद केलंय."

सांगताना तिचे कान तापले. गटाच्या अध्यक्ष प्रतिभाताईंनी चहा पुढे सरकवला.

संजनाने फोन लॅपटॉपला जोडला आणि फोनलाच त्याची रुंदी विचारली. उत्तर आलं, तीनशे साठ. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. ठिपके हजारावर होते खरे, पण इतके बारीक, की फोन तीन ठिपक्यांचा एक धरत होता. आणि तिचं तिप्पट रुंद पान कसंबसं मावावं म्हणून बिचारा अक्षरं बारीक करत होता.

चहा तसाच राहिला. तिने हजार ऐंशी खोडले. यंत्राची जेवढी रुंदी, तेवढंच पान, अशी एक ओळ माथ्यावर लिहिली.

"आता बघा."

पापडांचा फोटो पडदाभर पसरला. खाली एकेकीचं नाव, ठसठशीत.

"अगं बया, मी!" कुणीतरी ओरडलं आणि खोलीत हसू फुटलं. संजनाही हसली.

चांगुणामावशी तेवढ्या हसल्या नाहीत. गेल्या वर्षापर्यंत त्या अंगठा उठवत असत. आता अक्षरांखालून बोट सरकवत त्या पुटपुटत होत्या.

"पोरी, हितं चुकलंय."

संजना पुढे वाकली. "दिसत नाहीये का?"

"दिसतंय की. लय चांगलं दिसतंय. पन तू 'चांगुना' लिवलंयस." मावशींनी बोट टेकवलं. "माझ्यात ण बाणाचा हाय."

मग प्रतिभाताई उठल्या, त्यांच्यामागून बाकीच्याही. प्रत्येकीला आपलं नाव स्वतः तपासायचं होतं.