सर्वांत गाजलेला शोधनिबंध

कर्करोगावर संशोधन करणारी एक बाई प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी आपल्या शोधनिबंधांची यादी करत होती. त्यातल्या एकाचा दाखला जगभरातल्या चारशेहून अधिक संशोधकांनी दिला होता. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी एका औषधाला दाद का देत नाहीत, हे त्यात मांडलं होतं. एक आकडा पडताळायला म्हणून तिने प्रयोगाची जुनी वही उघडली आणि बाटल्यांच्या नोंदी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या. दोन बाटल्यांवरच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. तपासलेल्या पेशी स्तनाच्या नव्हत्याच, यकृताच्या होत्या.

तिने लगेच आपल्या निवृत्त सरांना फोन लावला. निबंधावर त्यांचंही नाव होतं.

"अकरा वर्षं झाली गं," सर म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाखत तरी होऊ दे."

"आणि त्यावर विसंबून कुणी औषध बनवत असेल तर?"

सर म्हणाले, "लिही. खाली माझंही नाव घाल."

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना तिने चूक कळवणारं पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी निबंध मागे घेतला गेला आणि मुलाखतही लांबणीवर पडली. मग एका अनोळखी मुलीचा मेल आला: 'दोन वर्षं तुमचे निष्कर्ष आमच्याकडे जुळत नव्हते. मी माझ्याच हाताला दोष देत होते. संशोधन सोडणार होते.'

तिने तो सरांना फोनवर वाचून दाखवला.

"अशा आणखी किती जणी असतील, सर?"