हिरवा दिवा

लाल दिवा लागला होता. हिरवा काही केल्या लागत नव्हता.

"अहो, टॉर्च इकडे धरा ना," गिरिजाबाई वैतागून म्हणाल्या. "भिंतीला कशाला उजेड दाखवताय? भिंत थोडीच बिघडलीय!"

तात्यासाहेबांनी टॉर्च दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी उजेड आपला थरथरतच होता. आजारपणापासून त्यांच्या हातांना कंप सुटला होता. बायकोच्या बोलण्यावर ते काही म्हणाले नाहीत. म्हणणार तरी कसे? दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्रच काढलं होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज टेबलावरच्या या साबणाच्या डबीएवढ्या खोक्यात राहत होता. आणि हे खोकं नेमकं दसऱ्याच्या दिवशी रुसून बसलं होतं.

खोकं लेकीनं, स्वप्नालीनं केलेलं. आत पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर, त्यावर लाल आणि हिरवा असे दोन दिवे, त्यात नखाएवढं कार्ड, वर बारा बटणं आणि बाजूला स्पीकर. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर ती वडिलांना समोर बसवून वाक्यं बोलायला लावत होती. 'चहा टाक.' 'पंखा बारीक कर.' 'कोणाचा फोन होता?' दसऱ्यासाठी म्हणून 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' आणि खोकं चालू झालं की आपोआप वाजणारं एक वाक्य खुद्द तात्यासाहेबांच्या पसंतीचं होतं. "हॅलो, हॅलो. गिरिजा, ऐकू येतंय का? ओव्हर." अठ्ठावीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये वायरलेस सेट दुरुस्त केलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

रोज सकाळी ते खोकं चालू करायचे आणि गिरिजाबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "येतंय हो! बहिरी नाही झाले अजून!"

आज सकाळी त्या ओरडायला तयार होत्या, पण खोक्यातून आवाजच आला नाही.

दिल्लीत पालमच्या त्यांच्या गल्लीत आणि आजूबाजूला दहाबारा मराठी घरं होती, बहुतेक फौजेतलीच. तात्यासाहेब सगळ्यांत वडील, म्हणून दसऱ्याला पाच वाजता सगळे त्यांच्याकडे सोनं द्यायला यायचे. दिल्लीत आपटा कुठला मिळायला! कॅन्टोन्मेंटमधल्या कचनारची पानं आणायची, तीच सोनं. गेल्या वर्षी त्यांनी बटण दाबून सगळ्यांना आपल्या आवाजात आशीर्वाद दिला, तेव्हा शेजारची कुमुदिनी डोळे पुसत पाया पडली होती.

आज सकाळी मात्र त्यांनी पाटीवर लिहिलं, "सर्वांना फोन कर. येऊ नका म्हण."

गिरिजाबाईंनी वाचलं आणि पदरानं पाटी साफ पुसून टाकली. "फोनबिन काही करणार नाही मी. तोंड लपवून बसायला आपण काय चोरी केलीय?"

मग त्या पिशवीत खोकं घालून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेल्या. त्यानं दोन मिनिटं पाहिलं न पाहिलं केलं आणि म्हणाला, "आंटीजी, कार्ड गया समझो. नया डाल देता हूँ, बिल्कुल टकाटक चलेगा."

"नया नहीं चाहिए. मेरे को यही चाहिए," म्हणत त्यांनी खोकं त्याच्या हातातून काढून घेतलं. घरी येऊन बंगळुरूला लेकीला फोन लावला.

"आई, तू आधी शांत हो यार."

"मी शांतच आहे. तू बोल."

"हिरवा लाइट ब्लिंक करतोय का? नाही? मग तो कार्डच वाचत नाहीये. मी नवं कार्ड कुरिअर करते ना. प्रोग्राम आहे माझ्याकडे."

"आणि आवाज?"

"आवाज... एक मिनिट हं, आई."

"अगं बोल ना! आवाज आहे ना तुझ्याकडे?"

"जुन्या लॅपटॉपमध्ये होता, आई. तो बिघडला तेव्हा कॉपी करायचा राहून गेला. सॉरी, आई. आता फक्त त्या कार्डवरच आहे."

गिरिजाबाईंनी खोक्यावर हात ठेवला. म्हणजे हे कार्ड गेलं की माणूस समोर बसलेला असेल, पण त्याचा आवाज या जगात कुठेच नसेल. त्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. मैदानात रावण उभा करायचं काम चाललं होतं.

"बरं," गिरिजाबाई लेकीला म्हणाल्या, "तू चिंता करू नको. आम्ही बघतो." फोन ठेवला, चष्मा चढवला आणि नवऱ्यापुढे पाटी सरकवली. "अठ्ठावीस वर्षं सरकारचे सेट दुरुस्त केलेत ना? आता घरचा करायचा. हात माझे, डोकं तुमचं. सांगा कुठून सुरुवात?"

तात्यासाहेबांनी पेन्सिल उचलली. मग वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "आधी पॉवर. मग केबल. मग सेट. ओव्हर."

चार्जर बदलला, केबल बदलली. लाल दिवा ठणठणीत, हिरव्याचा पत्ता नाही. चार स्क्रू काढून खोकं उघडलं. "बटणांच्या तारा काढ. स्पीकर काढ." एकेक तार काढताना ती कुठली हे गिरिजाबाई कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत होत्या. नुसता कॉम्प्युटर आणि कार्ड उरलं, तरी तेच. कार्ड काढून परत बसवलं. तेच. दोन वाजले, वरणभात तसाच झाकून राहिला. भरल्या घरी सणाला पुरण शिजलं नव्हतं, याचंही त्यांना भान नव्हतं.

"कार्ड उजेडात बघ," पाटीवर आलं.

गिरिजाबाईंनी भिंग लावलं. कार्डाच्या पिवळ्या दातांवर काहीतरी तांबूस बसलं होतं. गंज असेल? त्यांनी नखानं खरवडलं. नख गुलाबी झालं. आणि त्या जागच्या जागी थिजल्या.

कुंकू होतं ते!

काल खंडेनवमी. सालाबादप्रमाणे पाटावर तात्यासाहेबांची पक्कड, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी मांडली होती. मधोमध हे खोकं, कारण आता तेच त्यांचं हत्यार. गिरिजाबाईंनी कुंकू चांगलं सैलसर कालवून खोक्यावर ठसठशीत बोटं ओढली होती. नेमकी त्या हवेसाठी ठेवलेल्या फटींवर. ते ओघळून आत गेलं, कार्डावर सुकलं, आणि खोकं बिचारं मुकं झालं.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, बोलूच नये. गुपचूप पुसून टाकावं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"अहो," त्या म्हणाल्या. "मीच केलं हे. माझ्या पूजेनं तुमचा आवाज गेला."

तात्यासाहेबांनी गुलाबी नख पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले. गिरिजाबाई घाबरल्या, मग लक्षात आलं की ते हसतायत, बिनआवाजाचे, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्यांनी पाटी ओढली. "ऑर्डर माझी होती. यालाही लाव, असं मीच लिहिलं होतं." आणि खाली लिहिलं, "खोडरबर आण. स्पिरिट आण."

खोडरबर स्वप्नालीच्या शाळेतला जुना निघाला. स्पिरिट तर घरात होतंच, त्यांच्या गळ्याच्या ड्रेसिंगचं. दात हलक्या हातानं घासून स्वच्छ केले, कार्ड बसवलं, वीज दिली. लाल. फक्त लाल.

साडेचार झाले होते. तात्यासाहेबांनी टॉर्च खाली ठेवला आणि मान हलवली. राहू दे.

"राहू दे कसं? उचला तो टॉर्च!" गिरिजाबाई कडाडल्या. "कुंकू कार्डाला लागलं तर कार्डाच्या घरात नसेल लागलं? उचला!"

काडीला कापसाचं अगदी बारीक टोक गुंडाळून त्यांनी ती फट पुसली. कापूस गुलाबी निघाला. दुसरा निघाला, तोही गुलाबी. सातवा पांढरा आला. स्पिरिट उडेपर्यंत थांबल्या. मग कॅलेंडर बघत एकेक तार जागी लावली, कार्ड सरकवलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

टॉर्चचा उजेड हलत होता. तात्यासाहेबांनी गिरिजाबाईंच्या हातावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. लालच्या शेजारी हिरवा दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग भराभर लुकलुकायला लागला.

"हॅलो, हॅलो. गिरिजा, ऐकू येतंय का? ओव्हर."

गिरिजाबाईंनी तोंड उघडलं. रोजचं उत्तर ओठावरच राहिलं. त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरची पाटी उचलली, पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "येतंय."

पाच वाजता घर भरलं. तात्यासाहेब शर्ट बदलून खुर्चीत ताठ बसले. माणूस वाकला की बटण दाबायचे, आणि त्यांचा खणखणीत आवाज म्हणायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." कचनारच्या पानांचा टेबलावर ढीग झाला. बाहेर फटाके फुटत होते.

चहा झाला. तात्यासाहेबांना काहीतरी सांगायचं होतं, त्याचं बटण नव्हतं. त्यांनी पाटी घेतली. समोर 'येतंय' तसंच होतं. पुसायला त्यांनी बाही पुढे केली, आणि मागे घेतली. पाटी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर लिहिलं, "साखर कमी आहे."