ओनोराच्या डोळ्यावरचं नाणं

"त्यो पंधरा पौंड म्हंतोय आन् तू सोळाला चिकटून बसलायस! फोडा त्यो पौंड मधी आन् थुका हातावर!" गुरांच्या बाजारात दलाल बार्टलीनं गाय विकणाऱ्या कोल्मनचं मनगट धरून त्याचा हात गिऱ्हाईक टिअर्नीच्या पंजावर दणकन आपटला. सौदा झाला. टिअर्नीनं घेतल्याची खूण म्हणून चिखलाचा गोळा गाईच्या पुठ्ठ्यावर फासला आणि हात पुढं केला.

"शकुनाचं काय?"

विकणाऱ्यानं थोडं परत द्यायचंच, नाहीतर गाय नव्या दारात दूध आटवते. कोल्मननं घाईघाईनं खिशात बोटं घातली, हाताला लागलं ते अडीच शिलिंगाचं नाणं काढलं, त्यावर थुंकला आणि देऊन टाकलं. टिअर्नीच्या गड्यानं गाय नेली, तेव्हा कुठं आपण कुठलं नाणं दिलं ते कोल्मनच्या ध्यानात आलं.

महिन्यापूर्वी त्याची बायको ओनोरा गेली, तेव्हा पापण्या मिटेनात म्हणून त्यांवर दोन नाणी ठेवली होती. असलं नाणं चालवायचं नसतं, चालवलं तर मयताचा तो डोळा उघडतो म्हणतात. घरात कुणी खर्चू नये म्हणून तो दोन्ही अंगावरच बाळगायचा. आणि मरताना तिनं एकच मागणं केलं होतं, "माझी गाय इकू नगा." वैरण संपली, काय करणार बिचारा! मिटल्या डोळ्यांना दिसणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

तो धावत दारूच्या दुकानात शिरला. टिअर्नी पेला तोंडाला लावत होता.

"माझं नाणं परत द्या! मयताच्या डोळ्यावरचं हाय त्ये!"

टिअर्नी पांढराफटक पडला. "आरं, त्याचीच तर पितोय मी!"

दुकानदारानं गल्ला पालथा केला. अडीच शिलिंगांची सात नाणी निघाली, सगळ्यांवर राजाचं तेच तोंड. कोल्मननं एकेक उजेडात धरून पाहिलं. कशावरच ओळखायची खूण नव्हती.

"जाऊ दे की लेका," बार्टली हसला, "एक डोळा तर मिटलेला हाय न्हवं तिचा?"

कोल्मननं खिशातलं दुसरं नाणं काढून फळीवर ठेवलं.

"मग अर्धवट कशापायी? बघ बाई, दोन्ही डोळ्यांनी बघ. म्या इकली तुझी गाय."

दुकानदारानं हात मागं घेतले. एकेक जण पेला तसाच ठेवून बाहेर पडला.